तीन वेळा लावलेला नंबर

१२ जानेवारी, रविवार

कंपनीकडून नव्या वर्षाची डायरी आली. निळी, जाड, प्रत्येक पानाच्या तळाशी कंपनीचा शिक्का. कामाच्या नोंदी तर मोबाईलमध्येच होतात, मग हिचं करायचं काय? आज दुकान बंद आहे आणि अंग इतकं दुखतंय की धड पडवतही नाही, म्हणून लिहायला घेतली.

सणसवाडीच्या कारखान्यात अकरा वर्षं शिफ्ट केल्या. गेल्या दिवाळीला ते सोडून भांडगावात हायवेला गाळा घेतला आणि घरोघर इंटरनेट जोडून द्यायचं काम सुरू केलं. भांडगाव, खुटबाव आणि मधल्या वस्त्या माझ्याकडे. वायर ओढायची, खांबावर चढायचं, खोका बसवायचा, बंद पडला की शिव्या खायच्या, सगळं मीच. तिथं आठ तास उभा असायचो, इथं दिवसभर. सीमा म्हणते, "मालक झालात आन् जास्तच वाकलात." सीमा म्हणजे बायको. अंगणवाडीत सेविका आहे, दिवसभर उभं राहणं काय असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता कंपनीनं नवं काढलंय. त्याच खोक्याला टेलिफोन जोडायचा. वेगळी तार नको, सिम नको, आवाज इंटरनेटवरनंच जातो. ज्यांच्या घरात मोबाईलची रेंज येत नाही त्यांना बरं. गुरुवारी पहिला बसवायचा आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला फोन एबनेझर सरांकडे बसवला.

एबनेझर मकासरे सरांनी मला तिसरी-चौथीला शिकवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आले ते खुटबावचेच झाले. निवृत्त झाल्यावर ओढ्याच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं. मी त्यांना ख्रिस्ती रीतीनं सलाम म्हणतो, ते मला जयभीम म्हणतात. शाळेपासूनचं आहे हे. घरात ते आणि दया मावशी, दोघंच. मुलगा एडविन सणसवाडीला असतो, रविवारी येतो.

त्यांचं घर खोलगट जागेत आहे, आत रेंज येत नाही. गच्चीवर जावं लागतं आणि मावशींचे गुडघे गेलेत. मोबाईल आहे तो सरांचा, त्याला बोटानं रेघ ओढायचं कुलूप. ते मावशींना उघडत नाही. म्हणून एडविननं मोठ्या बटणांचा फोन आणून दिला.

कागद चार पानी, मुंगीएवढ्या अक्षरात. सही करायची तिथं मी बोट ठेवलं. सरांनी माझं बोट बाजूला केलं, भिंग आणलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. मला पुढं दोन घरं होती. चौदाव्या कलमापाशी थांबले.

"सम्राट, हे काय? 'आणीबाणीच्या क्रमांकांवर संपर्क होईलच याची हमी नाही. ग्राहकाने पर्यायी साधन जवळ ठेवावे.' म्हणजे ॲम्ब्युलन्सला लागणार नाही?"

"कंपनीला लिहावं लागतं सर. तसं काय नसतं."

"लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल ना?"

"सगळ्यांच्याच कागदावर असतं."

पाढा चुकल्यावर बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सही केली. फोनच्या वर भिंतीला कागद चिकटवला, त्यावर नंबर लिहिले. सगळ्यात वर लाल शाईत १०८. खाली एडविन, मग शेजारचे म्हाळू आप्पा, मग मी. अक्षर अजून तसंच, फळ्यावर असायचं तसं.

मावशींनी एडविनला लावून बघितला. लागला. मला म्हणाल्या, "आता मी बी फोनवाली झाले."

पुढच्या दोन्ही घरी उशिरा पोचलो. बोलणी खाल्ली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जेसीबीनं हायवेकडेची वायर दोन ठिकाणी तोडली. सतरा घरं बंद. सतरा जणांनी फोन केले, काहींनी दोन-दोनदा.

कंपनीचे पुण्याचे साहेब सत्यजीत, त्यांचाही आला. टेलिफोनची कनेक्शनं कमी का म्हणून. मी म्हणालो, लोक कागद वाचत बसतात. ते हसले. "वाचायला देतोस कशाला? पान उलटून सहीची जागा दाखवायची. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. सरांनंतरच्या सगळ्या घरांत मी तसंच करतोय.

६ मार्च, गुरुवार

एबनेझर सर गेले.

पुढं काही सुचत नाही. जे कळलं ते क्रमानं लिहितो.

सकाळी अकराच्या सुमाराला सर अंगणात पेपर वाचत होते. छातीत दुखतंय म्हणून आत आले, खाटेवर पडले, घामानं भिजले. मावशींनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. लागला नाही. परत लावला. तिसऱ्यांदाही नाही. मग त्या तशाच अनवाणी म्हाळू आप्पांच्या मळ्याकडे निघाल्या. म्हाळू आप्पा खालच्या तुकड्यात पाणी देत होते. त्यांना हाका मारून आणेपर्यंत, पिकअप काढेपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्यात पोचायच्या आधी, वाटेतच सर शांत झाले.

मी भांडगावला वायर जोडत होतो. म्हाळू आप्पांनी फोन करून सांगितलं. हातातलं काम पुरं करून गेलो. आधी निघायला हवं होतं का? गेलेच होते तोवर.

७ मार्च, शुक्रवार

दौंडच्या ख्रिस्ती दफनभूमीत सरांना ठेवलं. सरांनी शिकवलेली माणसं कुठून कुठून आली होती. पाळकांनी प्रार्थना केली. मीही माती टाकली.

नंतर खुटबावला सरांच्या घरी गेलो. एडविन माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "आईला तीन आकडे दाबता आले न्हाईत, दादा. तीनच आकडे."

हळू बोलला, पण मावशी दारातच होत्या.

"चष्मा नव्हता माझ्या डोळ्यावर," त्या म्हणाल्या. "गडबडीत दुसरंच बटन दाबलं असंल. तिन्ही डाव ती बाई म्हणली, नंबर चुकलाय, तपासा. मग म्हाळू आप्पाचा लावाया गेले तर दहा आकडं, ते बिनचष्म्याचं दिसंनात."

"कुठली बाई?" मी विचारलं.

"फोनातली."

"होतं असं मावशी, गडबडीत," मी म्हणालो.

धीर द्यायला म्हणालो.

९ मार्च, रविवार

दुकानात एकटाच होतो. कुठल्या घरातून कोणता कॉल गेला ते कंपनीच्या पॅनेलवर मला दिसतं. सरांचा नंबर टाकला. कशाला टाकला कोण जाणे.

६ मार्च. तीन ओळी. ११.०७, ११.०८, ११.१०. लावलेला नंबर १०८. तिन्ही ओळींत १०८. पुढं इंग्रजीत शेरा, त्याचा अर्थ असा की या नंबराला वाट दिलेली नाही.

मग माझ्या दुकानातल्या फोनवरनं १०८ लावला. कुणी उचललाच तर माफी मागू असं ठरवलं होतं. बाई बोलली. "आपण डायल केलेला क्रमांक चुकीचा आहे. कृपया क्रमांक तपासून पुन्हा डायल करा." ११२ लावला. तेच. मग सीमाच्या मोबाईलचा नंबर लावला, तो पहिल्या घंटीत लागला.

म्हणजे फोन चालू होता. मावशींनी एडविनला लावला असता तर लागला असता, मला लावला असता तर मला लागला असता. फक्त जिथं लागायला पाहिजे तिथंच लागत नाही.

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. हे इथं लिहून ठेवतो.

११ मार्च, मंगळवार

सत्यजीत साहेबांना फोन केला. पॅनेलवरच्या तीन ओळींचं सांगितलं. मग म्हणाले, "वाईट झालं. पण चौदावं कलम आहे. त्यावर त्यांची सही आहे. तू घाबरू नकोस."

"घाबरलो न्हाई साहेब. घरच्यांना सांगू का?"

"काय सांगणार? माणूस परत येणार आहे का? म्हाताऱ्या बाईला अजून त्रास. आणि हे बघ, पॅनेलवरची नोंद तीस दिवसांनी आपोआप जाते. तू कुठं काही पाठवू नकोस, लिहून देऊ नकोस."

बोलले ते खरं वाटलं. दुःखात असलेल्या माणसाला यंत्राच्या गोष्टी काय सांगायच्या. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. जेवण गेलं दोन दिवसांनी.

१५ मार्च, शनिवार

सकाळी दहाला मावशींचा फोन.

"सम्राट, मी दया बोलतीय. लागला ना?"

"लागला की. काय काम होतं मावशी?"

"काय न्हाई." आणि ठेवला.

२२ मार्च, शनिवार

रोज येतोय. दहाला एक, कधी साडेदहाला अजून एक. "लागला ना?" एवढंच. एकट्या पडल्यात, माणसाचा आवाज ऐकावासा वाटत असणार. आज खांबावर होतो, एका हातानं उचलला. "लागला मावशी, लागला," जरा जोरातच बोललो. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, काम कर."

ओढ्याच्या बाजूला हल्ली जाणं होत नाही. त्या बाजूला तक्रारीच नाहीत. डोकं मात्र सारखं दुखतं. सीमा म्हणते चष्म्याचा नंबर वाढला असेल.

२८ मार्च, शुक्रवार

सीमा आज मावशींकडे जाऊन आली. आल्यावर हातपाय न धुताच माझ्यासमोर बसली.

"तुम्हाला रोज फोन येतो ना त्यांचा? कशाला करतात वाटतं तुम्हाला?"

"बोलायला."

"बोलायला न्हाई. वही हाय त्यांच्याकडं. चष्मा लावून एकदा लावतात, काढून एकदा. घाईघाईनं एकदा. तुमच्याकडं, म्हाळू आप्पाकडं, एडविनकडं. लागला की वहीत रेघ मारतात. त्या दिवशी आपलं कुठं चुकलं ते हुडकतायत त्या. मला म्हणल्या, सीमा, सगळीकडं बरोबर लागतोय बघ, म्हंजी त्याच दिवशी माझा हात चुकला."

मी विचारलं, मग १०८ का नाही लावून बघत?

"मी पण तेच इचारलं. तर म्हणल्या, उगंच कशाला त्या लोकांना लावायचा, तिकडं कुणाचा तरी जीव चालला असंल आन् आपल्यापायी त्याचा फोन लागायचा न्हाई."

मग सीमानं माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला काय म्हाईत हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

ती उठून गेली. भाकरी करून, माझं ताट वाढून ती लवकर झोपली. दमली असेल.

२ एप्रिल, बुधवार

पॅनेल उघडलं. आहेत तिन्ही ओळी. फोटो काढावा म्हणून मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज कोणी गिऱ्हाईक नव्हतं. तरी काढला नाही. का नाही काढला, याचं उत्तर इथं लिहायला हरकत नव्हती. पण मला ते सापडत नाही.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी उघडलं तर ६ मार्च कोरा.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. दहाला मावशींचा फोन आला. "लागला ना?" मी म्हणालो, लागला. आवाज नीट फुटला नाही. त्या म्हणाल्या, "बरं न्हाई का तुला?"

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आमच्या आळीत सकाळी वंदना झाली, मग सभा. यंदा कमिटीनं एबनेझर सरांचा फोटोही ठेवला होता. आमच्या आळीतली दोन पिढ्यांची पोरं त्यांनी शिकवली. फी नसली तरी कुणाला घरी पाठवलं नाही. मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या पांढरं पातळ नेसून बायकांत बसल्या होत्या, स्टेजवर या म्हटलं तर आल्या नाहीत.

मी खुर्च्या मांडत होतो. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "याच का त्या? फोन लावता आला न्हाई ज्यांना?"

दुसरी म्हणाली, "व्हय. शिकल्याली हाय म्हणं सातवीपत्तोर."

मावशींनी ऐकलं. पदर सारखा केला आणि समोर बघत राहिल्या. जणू ते खरंच आहे, आणि कुणी बोललं तर त्यात वावगं काय.

मी खुर्ची तिथंच ठेवून सीमाला मंडपामागं बोलावलं आणि सगळं सांगितलं. तीन ओळी, सत्यजीत साहेब, चौदावं कलम, सरांनी मला विचारलं होतं ते, मी काय म्हणालो ते. भोंग्यावर गाणं लागलं होतं, तिला दोनदा सांगावं लागलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "अठ्ठावीस तारखेला इचारलं हुतं मी तुम्हाला."

मग म्हणाली, "एडविन असताना जा. त्यानं ऐकलं पाहिजे. रविवारी त्यांचा ईस्टर हाय, शनिवारी यील तो."

१९ एप्रिल, शनिवार

गेलो. सीमा बरोबर येते म्हणाली होती, मीच नको म्हणालो.

मावशी तांदूळ निवडत होत्या, एडविन दाराचा कडीकोयंडा ठोकत होता. मी उभ्यानंच सुरुवात केली. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही नंबर बरोबर लावला होता. तिन्ही वेळा. ह्या फोनवरनं एकशेआठ लागतच नाही."

त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "तू माझं मन राखाया सांगतोस. भला हाईस."

"मन राखायला नाही. मी बघितलंय. कंपनीकडं नोंद होती."

"दाखव की," एडविन म्हणाला.

"आता नाही. पुसली गेली."

एडविन हातोडी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. त्याचं काय चुकलं? मी तरी ठेवला असता का.

"मावशी, चष्मा लावा," मी म्हणालो. "आता लावा एकशेआठ."

"नगं रं, त्या लोकास्नी..."

"जात नाही त्यांच्यापर्यंत. लावा."

त्यांनी चष्मा लावला. भिंतीवरच्या लाल शाईकडे बघितलं. एक. शून्य. आठ. एकेक बटण सावकाश दाबलं, कच्च्या मुलीला पाटीवर गिरवायला लावल्यासारखं. मी फोनचा स्पीकर चालू केला.

"आपण डायल केलेला क्रमांक चुकीचा आहे. कृपया क्रमांक तपासून पुन्हा डायल करा."

मावशी दचकल्या. "हीच. हीच ती बाई."

एडविननं पुढं येऊन फोन काढून घेतला आणि स्वतः लावला. तीच बाई, तेच शब्द. पुन्हा लावला. मग त्यानं फोन जागेवर ठेवला, आईसमोर जमिनीवर बसला आणि तिच्या पायावर डोकं टेकवलं. "आई," एवढंच म्हणाला. त्याच्या पाठीवर तांदळाचा हात ठेवून त्या बसल्या.

मग म्हणाल्या, "म्हंजी मी बरोबर लावला हुता."

"हो."

"ह्यांनी इचारलं हुतं तुला. कागद वाचताना. मी इथंच हुते."

"हो मावशी. मी म्हणालो, तसं काय नसतं."

"तवा तुला म्हाईत नव्हतं?"

"नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं."

"मग कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं म्हणता आलं असतं. एडविननंही डोकं वर केलं होतं.

"नऊ मार्चला. मातीनंतर दोन दिवसांनी."

त्यांनी चष्मा काढला. "आन् मी रोज तुला फोन लावत हुते. तू रोज म्हणत हुतास, लागला मावशी."

मी फोनकडे बघितलं.

"फोनाचं सोड," त्या म्हणाल्या. "ते यंत्र हाय. तू माणूस हुतास. जा आता."

ओढ्याच्या पुलापर्यंत गाडी ढकलतच आलो. चालू करायचं सुचलंच नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

चार दिवस घरोघर फिरलो. एकोणतीस घरांत फोन बसवलेत. प्रत्येक फोनला कागद चिकटवला: या फोनवरून १०८, ११२ लागत नाही. लाईट किंवा नेट गेलं तर काहीच लागत नाही. मोबाईल चार्ज करून जवळ ठेवा. सीमानं लिहून दिलं, तिचं अक्षर मोठं आहे. मोबाईलला कुलूप असलं तरी त्यावरनं ११२ लावता येतो, तेही दाखवलं. मावशींनाही हे कुणी दाखवलं असतं तर.

लोक फार काही म्हणाले नाहीत. "बरं." "आमच्याकडं हायेत मोबाईल." दोघांनी कागद नको म्हटलं, भिंत खराब होते. भांडगावच्या एका म्हातारबांनी विचारलं, "मग ह्यो फोन कशाला दिला आमाला?" त्यांचा काढून आणला.

सत्यजीत साहेबांना कुणीतरी त्या कागदाचा फोटो पाठवला. ते ओरडले नाहीत. "सम्राट, तू स्वतःचं नुकसान करून घेतोयस," म्हणाले. दुपारी पॅनेलचं माझं लॉगिन बंद झालं. नवीन कनेक्शन आता मिळणार नाही. जुन्यांच्या तक्रारी तेवढ्या माझ्याकडेच येतायत, त्या त्यांनी कशाला बंद केल्या असत्या?

३० एप्रिल, बुधवार

सणसवाडीच्या जुन्या सुपरवायझरला फोन केला होता. जागा निघाली तर कळवतो म्हणाला. पाय आत्तापासूनच दुखायला लागलेत.

४ मे, रविवार

सकाळी एडविन दुकानात आला. मला वाटलं खोका परत द्यायला आला. म्हणाला, "आई बोलावतीय. पेन घेऊन ये म्हणली."

घरी मावशी टेबलाशी बसल्या होत्या. सरांचं टेबल. पुढं फुलस्केप कागद. बसायला सांगितलं नाही, मी एडविनकडे बघून बसलो.

"पुण्याला ग्राहक आयोग असतो," त्या म्हणाल्या. "तिथं तक्रार द्यायची हाय. एडविनला त्यातलं यंत्राचं बोलणं लिहाया येत न्हाई. तुला येतं. तू लिही."

"लिहितो."

"कुणाकुणावर द्यायची ते लिही आधी."

मी लिहिलं: सामनेवाला क्रमांक एक, कंपनी. पत्ता घातला. मग थांबलो.

"दोन नंबरला तुझं," मावशी म्हणाल्या. "पुरं नाव लिही."

सामनेवाला क्रमांक दोन: सम्राट दादू ओव्हाळ, राहणार खुटबाव, तालुका दौंड.

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. तारीख, वेळ, तीन वेळा लावलेला नंबर. पहिला मुद्दा हाच घालायला लावला त्यांनी, की तक्रारदार बाईनं नंबर बरोबर लावला होता. कागद वाचताना सरांनी काय विचारलं आणि सामनेवाला क्रमांक दोन यानं काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द. एका ठिकाणी मी 'अनवधानाने' लिहिलं. त्यांनी चष्म्यातून वाचलं आणि बोट ठेवलं. "ह्यो शब्द काढ." काढला. नोंदीचा पुरावा नाही, पण सामनेवाला क्रमांक दोन यानं ती स्वतः पाहिली आहे, असंही लिहिलं. एडविन म्हणाला, "दादा, हे लिहिलंस तर तुलाच जड जाईल." मी म्हणालो, खरं आहे ते.

शेवटी मागणी लिहायची असते. एडविननं भरपाई किती मागायची ते विचारलं. मावशींनी हातानंच नको म्हटलं. खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं दमल्या, उरलेलं उद्या करू म्हणणार होतो.

"असं लिही," त्या म्हणाल्या. "त्या बाईला खरं बोलाया लावा. ह्या फोनावरनं हा नंबर लागत न्हाई, दुसऱ्या फोनावरनं लावा, येवढं तिनं सांगावं. तुमचं चुकलं, असं तिनं माणसाला सांगू नये."

मी ते नीट भाषेत बसवू लागलो. 'ध्वनिमुद्रित सूचनेत योग्य तो बदल' इथपर्यंत लिहिलं होतं.

"तसं नगं," मावशी म्हणाल्या. "मी म्हणले तसंच लिही."

मी ती ओळ खोडली आणि त्या म्हणाल्या होत्या तसंच लिहिलं.